सगळ्या लेनसाठी एकच बॉल

प्रिय सूनबाई,

आधी तुझ्याकडची किल्ली खाली ठेव, चपला काढ, पंखा लाव आणि बस. बॉलची बॅग शोधत घरभर फिरू नकोस. ती चोरीला गेलेली नाही, मलाही काही झालेलं नाही, आणि हॉस्पिटलात फोन लावायची तर मुळीच गरज नाही. तुझा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून हे पत्र मुद्दाम बॅगेच्याच जागी, चपलांच्या कपाटाला टेकवून ठेवलंय. थर्मासमध्ये चहा आहे. तो ओतून घे आणि मग वाच. मी सगळं सांगणार आहे, पण माझ्या क्रमाने, आणि मुद्द्यावर यायला मला किती वेळ लागतो हे तुला नव्याने सांगायला नको.

तुला सूनबाई म्हणावं की नाही यावर मी बराच विचार केला. कोर्टात तुम्हा दोघांचं जे काय होतं ते मोडलं, तेव्हा माझं मत कोणी घेतलं नाही. घेतलं असतं तर मी म्हटलं असतं, नवरा-बायकोने एकमेकांना धरावं की सोडावं ते त्यांचं ते बघतील, सासू-सुनेचा निकाल मात्र वेगळा लावा. आता कागदोपत्री तू माझी कोणी लागत नाहीस. पण तू अजून मला आई म्हणतेस, आणि माझा फ्रिज उघडून, डब्यांचे वास घेऊन, मला न विचारता अर्धं सामान कचऱ्यात टाकतेस, त्या अर्थी नातं शाबूत आहे असं मी धरून चालते. आमच्या चिरंजीवांना हे पचत नाही. मागे फोनवर म्हणाला, आई, तू नक्की कोणाच्या बाजूची? मी म्हटलं, बाकीचे दिवस तुझ्या, गुरुवारी तिच्या. त्यावर तो हवापाण्यावर आला. तो वाईट नाही गं. तुमचं जमलं नाही एवढंच, आणि ते तुम्हा दोघांच्याही आधी मला दिसलं होतं.

त्या बोलिंगच्या हॉलमध्ये मला पहिल्यांदा ओढून नेलंस ते तूच. नवीन लग्न झालेलं, तुझ्या ऑफिसची पार्टी होती, आणि सासूला एकटीला घरी कसं ठेवायचं म्हणून मला गाडीत कोंबलंस. मी तेव्हा हॉस्पिटलच्या लाँड्रीतून नुकतीच निवृत्त झाले होते. सगळा जन्म चादरींना आणि डॉक्टरांच्या कोटांना इस्त्री करण्यात गेलेला, आता या हातांचं करायचं काय ते कळत नव्हतं, आणि घरातल्यांच्या डोक्यावर मिरी वाटणं एवढाच उद्योग उरला होता. ते भाड्याचे बूट पायात घालताना मला किळस आली. पिना पडण्याच्या आवाजाने डोकं उठलं. तरी तू माझ्या हातात बॉल दिलास. पहिला सरळ लेनच्या कडेच्या गटरमध्ये गेला, दुसराही त्याच्या मागोमाग. तिसरा मात्र कसा कोण जाणे, मनगटातून वळला आणि दहाच्या दहा पिना आडव्या. तुझ्या ऑफिसातली माणसं ओरडायला लागली, आणि तू एकटी माझ्या मनगटाकडे बघत राहिलीस. परतताना गाडीत म्हणालीस, आई, हा इस्त्रीचा हात आहे, हा वाया घालवायचा नाही. माझ्या हातांबद्दल तोवर लोक बोलायचे ते भाजल्याच्या डागांबद्दल. कोणी कौतुक केल्याचं मला तरी आठवत नाही.

मग आपण जोडीने लीगमध्ये नाव घातलं आणि माझे गुरुवार सुरू झाले. स्क्रीनवर जोडीचं नाव लिहायचं होतं तर तू मला न विचारता 'खडूस आणि कंपनी' लिहून मोकळी झालीस. समोरच्या बाकावर ते बँकेतले दोघे भाऊ बसलेले असायचे, ते पहिल्या दिवशी एकमेकांना कोपर मारून हसले. पुढे त्यांनाच आपण इतक्यांदा हरवलं की ते आता मला बघून उभे राहतात. शेजारणीला तर कितीतरी महिने वाटत होतं मी क्रिकेटची बोलिंग शिकते. या वयात एवढं पळवतं का हो, असं तिने मला काळजीने विचारलं होतं. मी म्हटलं, पळायचं नाही, चार पावलं चालायचं आणि सोडायचं. ती म्हणाली, मग फलंदाज हसत नाही का. तू हे ऐकून गाडी बाजूला घेतली होतीस, हसू आवरेना म्हणून.

आणि मग तुमचा निकाल लागला. त्यानंतरचा पहिला गुरुवार मी विसरणार नाही. मी तुला काही कळवलं नव्हतं आणि तूही मला नाही. मी मनाशी म्हटलं, संपलं, आता ती कशाला येते इकडे, आणि यावं तरी का तिने. संध्याकाळी दाराची बेल वाजली. तू दारात उभी, डोळे सुजलेले, आणि म्हणालीस, आई, निघायचं ना, नंतर पार्किंग मिळत नाही. बस, एवढंच. ना रडणं, ना मिठी, ना माझ्या पोराच्या नावाने बोटं मोडणं. मी आत जाऊन मोजे शोधायच्या निमित्ताने थोडं रडून घेतलं, तेही सांगून टाकते. त्या दिवशी आपण दोघी इतकं वाईट खेळलो की भावांनाही वाईट वाटलं. पण माझा गुरुवार राहिला. तू तो माझ्यासाठी ठेवलास, आणि त्याबद्दल मी तुला आजवर एकदाही धन्यवाद दिलेले नाहीत. आपल्यात तशी पद्धत नाही म्हणून. आज देते.

आता खांद्याचं. मागच्या वर्षी डॉक्टरांनी माझा हात वर करून, मागे नेऊन, मी किंचाळेपर्यंत फिरवून सांगितलं, एक तर खेळ सोडा नाहीतर ओझं कमी करा. तेव्हा माझे बॉल तीन. राखाडी खरखरीत, तो लेनवर तेल जास्त असेल तेव्हाचा. लाल चकचकीत, तो कोरड्या लेनचा. आणि एक साधा प्लॅस्टिकचा, कोपऱ्यात एकटी पिन उरली की तिच्यावर सरळ सोडायचा. लेनवर तेल असतं हे बाहेर कोणाला सांगून खरं वाटत नाही. पण पुढच्या भागावर यंत्राने तेलाचा हात फिरवलेला असतो, बॉल त्यावरून घसरत जातो आणि पुढे कोरडं लागलं की पकड घेऊन वळतो. सगळा खेळ त्या वळण्याचा. त्यात आपल्या हॉलचा मॅनेजर वस्ताद. दर आठवड्याला तेल बदलतो, कधी चांगलं सढळ हाताने, कधी नुसतं बोट पुसल्यासारखं, आणि आधी विचारलं तर ताकास तूर लागू देत नाही. म्हणून लोक चार-चार बॉल बाळगतात. माझे तीन बाळगायचीस तू. हॉलच्या जिन्यावरून ती चाकांची बॅग एकेक पायरी वर ओढताना तुझा चेहरा लाल व्हायचा आणि मी मागून रिकाम्या हातांनी, रेलिंग धरून चढायचे. एकदा वर पोचल्यावर तू भिंतीला टेकून उभी राहिलीस ना, तेव्हाच मी ठरवलं, या पोरीची हमाली बंद. एकच बॉल घ्यायचा, हलका, आणि सगळ्या लेनवर चालेल असा.

बॉलला बोटांची भोकं पाडून देणारा आपला ड्रिलवाला हे ऐकून जो हसला. बुटांच्या काउंटरमागची त्याची ती खोली, सगळीकडे बॉलची रंगीत भुकटी, भिंतीवर लोकांच्या अंगठ्यांची मापं, आणि मधे हा बडबड्या माणूस स्टुलावर बसून अख्ख्या गावाच्या बातम्या वाटत. म्हणाला, मावशी, एकाच बॉलवर सगळ्या लेन म्हणजे एकाच चपलेत लग्नालाही जायचं आणि चिखलातही. मी म्हटलं, हे बघ, मी एकाच इस्त्रीने रेशीमही केलंय, सुतीही आणि लोकरही. दर कपड्याला वेगळी इस्त्री नसते. बटण फिरवायचं असतं आणि हात कळायला लागतो. तो खांदे उडवून म्हणाला, मग बटणवाला बॉल शोधूया. पण त्याने मनावर घेतलं हेही खरं. म्हणाला, सगळ्यात जोरात वळणारा नको, तो कोरड्या लेनवर तमाशा करेल. सगळ्यात गुळगुळीतही नको, तेलावर तो वळायचंच विसरेल. मधला बघा, ज्याच्या पोटातलं वजन शांतपणे फिरतं आणि ज्याची कातडी गरजेप्रमाणे खरखरीतही करता येते आणि चकचकीतही. हे शेवटचं वाक्य मी तेव्हा एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं.

तो रविवार आठवतो? मॅनेजरने सकाळी हॉल उघडून दिला होता. एका लेनवर ताजं तेल, एक आदल्या रात्रीच्या खेळाने अर्धवट पुसलेली, आणि भिंतीकडची ती शेवटची, जिच्याकडे कोणी लक्ष देत नाही, ती ठणठणीत कोरडी. ड्रिलवाल्याने आणलेले तीन नवे बॉल आळीपाळीने. काळा-निळा होता तो ताज्या तेलावर असा काही वळला की मी लगेच पैसे काढायला निघाले होते. तोच शेवटच्या लेनवर नेला तर अर्ध्या वाटेतच डावीकडे तोंड फिरवून गटरमध्ये. मधाच्या रंगाचा दुसरा, दिसायला गोड, पण तेलावर नुसता सरळ चालता झाला, वळायचं नाव नाही. तिसरा तो हिरवट तपकिरी, शिळ्या चहाच्या रंगाचा. मला बघताक्षणी आवडला नाही. ना त्याने कुठे कमाल केली, ना कुठे तोंडघशी पाडलं. ताज्या तेलावर थोडा उशिरा वळला, कोरड्यावर थोडा लवकर, मी लेनच्या दोन लाकडी पाट्या डावीकडे सरकले तर जागेवर आला. मी म्हटलं, हा मठ्ठ आहे. तू इतका वेळ मागच्या बाकावर हनुवटी हातात धरून बसली होतीस. म्हणालीस, आई, हाच घ्या. हा चुकला तर का चुकला ते कळतं. त्या दुसऱ्या दोघांचं काही सांगताच येत नाही. पूल तपासणाऱ्या इंजिनिअर बाईचं डोकं ते, मी त्यावर काय बोलणार. वजनावरून मात्र मी भांडले. इतकी वर्षं चौदा पौंडांचा टाकला, आता बारा म्हणजे लहान मुलांचा खेळ झाला असं मला वाटत होतं. तू म्हणालीस, भाव खायचा की खेळायचं ते ठरवा. मी बारा घेतला आणि दोन दिवस तुझ्याशी तुटक बोलले.

पण त्या मठ्ठाने काय सीझन दिला मला. तेल असो, कोरडं असो, तो आपला शहाण्यासारखा योग्य जागी वळायचा. आठवड्यांमागून आठवडे. मी हवेत तरंगत होते. बँकेतल्या भावांना मी चक्क व्याख्यान दिलं, चार-चार बॉल बाळगणं ही हौस आहे, पारख असेल तर एक पुरतो. धाकट्याने तर मला बॉलचं नाव लिहून मागितलं. तू शेजारी उभी राहून बूट बांधत होतीस. तोंडातून अवाक्षर काढलं नाहीस. उलट मान डोलावलीस. तू दर गुरुवारी मला न्यायला अर्धा तास आधी यायचीस, म्हणायचीस पार्किंगची भानगड. मला खाली कॉफी घेऊन बसवायचीस आणि बॉल घेऊन वर जायचीस, म्हणायचीस जरा फडक्याने पुसून आणते. मी कॉफी प्यायचे. तेव्हा माझ्या डोक्यात एवढंही आलं नाही की बॉल पुसायला कोणाला अर्धा तास लागतो.

मग तू त्या गुरुवारी नव्हतीस. ऑफिसच्या कामाने परगावी जायचंय म्हणालीस, ड्रिलवाल्याला मला न्यायला-आणायला सांगून ठेवलंस, आणि तुझ्या जागी बुटांच्या काउंटरवरची मुलगी खेळली. त्याने मला नेलं तेही ऐन वेळेला, बॉल मागच्या आठवड्याचा जसाच्या तसा. आणि त्या दिवशी मॅनेजरने तेलाचा हात असा काही सैल सोडला होता की विचारू नकोस. बॉल वळेचना. मी उजवीकडे सरकले, डावीकडे सरकले, हळू टाकला, जोरात टाकला. हातातून साबण निसटावा तसा तो सरळ जायचा आणि कडेच्या तीन-चार पिना उचलायचा. अख्ख्या संध्याकाळभरात एक स्ट्राइक नाही, दहाच्या दहा एकदाही आडव्या झाल्या नाहीत. भावांनी माझं सांत्वन केलं. हरणं एक वेळ चालतं मला, ते सांत्वन नाही सहन झालं. मी तडक ड्रिलवाल्याच्या खोलीत गेले आणि त्याला धारेवर धरलं की तू मला चुना लावलास, तुझा बॉल फुकट गेला. तो आधी गोंधळला, मग त्याने बॉलवर हात फिरवला आणि म्हणाला, अहो मावशी, याला तर पॉलिश आहे. मागच्या गुरुवारी कोरडं होतं म्हणून तिने चकचकीत केला होता. आज तेल होतं, आज तो घासायला हवा होता. तिने नाही का तुम्हाला सांगितलं?

आता मला सांग, मी काय करायला हवं होतं? पूर्ण सीझनभर तू त्याच्या खोलीत बसून, भांड्यांच्या घासणीसारखे ते पॅड घेऊन, त्या मठ्ठाला कधी खरखरीत करत होतीस, कधी पॉलिश करत होतीस. खेळ सुरू झाल्यावर बॉल घासायला बंदी, म्हणून तो अर्धा तास. आणि खाली मी भावांना पारख शिकवत होते. ड्रिलवाल्याच्या तोंडाला कुलूप नाही हे तुला ठाऊक आहे. एकदा सुटला तो सुटलाच. तू ऑफिसच्या कामाला गेलेलीच नाहीस, तर समुद्राकाठच्या एका शहरात नोकरीच्या मुलाखतीला गेलीस, हे त्यानेच मला सांगितलं. तिथले सगळे पूल तपासणाऱ्या खात्याची मुख्य म्हणून. आगगाडीने इथून अख्खा दिवस लागतो. आणि तू त्याला म्हणालीस म्हणे, नोकरी मिळाली तरी नाहीच म्हणणार आहे, नुसतं बघून येते. त्याने विचारलं का, तर म्हणालीस, गुरुवारी आईंना कोण नेणार.

पहिले दोन दिवस मी तुझ्यावर भयंकर चिडले होते. शनिवारी तू फोन केलास तेव्हा डोकं दुखतंय म्हणून ठेवून दिला, आठवत असेल. वाटलं, मला काय कुकुलं बाळ समजते का ही? माझा गृहपाठ करून देते आणि वर मला शाबासकी घेऊ देते? पण राग फार टिकेना. इस्त्री करताना माझं डोकं ताळ्यावर येतं, म्हणून सगळे पडदे काढून इस्त्री केले, आणि तिसऱ्या पडद्यापर्यंत माझ्या ध्यानात आलं की आपल्याला रडू येतंय ते रागाचं नाही. तुझे हात त्या भुकटीने काळे व्हायचे आणि तू पार्किंगच्या नावावर ढकलायचीस. मी जिंकून नाचायचे तेव्हा तू सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवायचीस. इतकी वर्षं मी लाँड्रीत काम केलं, डॉक्टरांचे कोट कडक करून दिले, आणि ते घालून मिरवणाऱ्याला त्यामागे कोणाचा हात आहे हे कळायची गरजच पडायची नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी तो कोट घालून मिरवले गं, आणि इस्त्री करणारी तू होतीस. पोटच्या लेकीनेही केलं असतं की नाही, मला शंका आहे. फार उपकार आहेत तुझे माझ्यावर. हे तोंडावर म्हटलं असतं तर तू हातातला कप घेऊन स्वयंपाकघरात पळाली असतीस, म्हणून लिहून म्हणते.

सोमवारपासून मी रोज सकाळी हॉलवर जात होते. तू फोन केलास तेव्हा लायब्ररीत आहे म्हणाले ते खोटं. ड्रिलवाल्याला पक्की तंबी दिली की तुझ्याजवळ ब्र काढायचा नाही, आणि त्याने जन्मात पहिल्यांदा ती पाळलीही. त्याने मला घासायला शिकवलं. खरखरीत पॅड कुठला, बारीक कुठला, किती दाबायचं, सगळीकडे सारखा हात कसा फिरवायचा. हात सारखा फिरवणं मला काय शिकवतो तो, ते मी त्याला शिकवलं. लेन वाचायला मात्र खरंच शिकले. सरावाचा बॉल टाकायचा, तो परत आला की त्याच्या अंगावरचं तेलाचं कडं बघायचं. जाड आणि ओलं असेल तर घासायचा, पुसट असेल तर पॉलिश. वळण चुकलं तर का चुकलं ते तो स्वतःच सांगतो, तू म्हणाली होतीस तसं. पहिल्या दिवशी मी तो इतका घासला की तो लेनच्या मध्यावरच वळून बसला. काल मात्र मॅनेजरने मुद्दाम माझ्यासाठी तेल बदलून दिलं, आधी भरपूर, मग कोरडं, आणि दोन्हींवर माझा मठ्ठ माझ्या हाताने जागेवर आला. ड्रिलवाला म्हणाला, मावशी, तुमचं बटण सापडलं. माझे तळवे अजून काळे आहेत, साबणाने जात नाहीत, आणि मला ते आवडतायत.

आणि बॅगही बदलून घेतली. एका बॉलची छोटी, खांद्याला न लावता मागे ओढायची. बसच्या पायऱ्यांना मला भीती वाटत होती, म्हणून मंगळवारी भरल्या बॅगेसकट रंगीत तालीम केली, इथून हॉलपर्यंत आणि परत. ड्रायव्हरने बटण दाबून बस फुटपाथकडे खाली वाकवून दिली. हॉलचा जिना मी दर तिसऱ्या पायरीला थांबून चढले, मागून येणारे थांबले तर थांबले. वर पोचल्यावर दम लागला होता, पण तो जिना चढल्याचा, म्हातारपणाचा नाही. काउंटरवरच्या मुलीला पुढच्या सीझनला माझी जोडीदार होशील का विचारलं. ती हो म्हणाली. तिचा बॉल फार उजवीकडे जातो, तिला मी बघते. स्क्रीनवरचं नाव तेच ठेवायचंय, कंपनी बदलली तरी खडूस तीच आहे.

तू मला अजून त्या नोकरीबद्दल काही सांगितलेलं नाहीस. आपण हॉलला जाताना त्या जुन्या पुलाखाली तू गाडी हळू करतेस आणि मान वर करून त्याचे सांधे बघतेस, मागचा हॉर्न वाजवेपर्यंत. मी दर गुरुवारी ते बघते. एखाद्या बाईने दागिन्यांच्या दुकानापुढे रेंगाळावं तशी तू त्या पुलाखाली रेंगाळतेस. तिथे तर सगळे पूल तुझे असतील, समुद्रावरचेसुद्धा. त्यांना उत्तर उद्या द्यायचंय हेही ड्रिलवाल्याकडून कळलं. म्हणून आज लिहायला बसले. तोंडाने सांगायला गेले असते तर तू 'बघू' म्हणाली असतीस, मग आपण गाडीत बसलो असतो, मग लेन, मग घर, आणि उद्या तू त्यांना नाही कळवून मोकळी झाली असतीस.

तर आता बॅग कुठे आहे ते सांगते. माझ्याबरोबर. तू हे वाचतेस तोवर मी बसने हॉलवर पोचले असेन आणि ड्रिलवाल्याच्या खोलीत बसून आजच्या तेलाप्रमाणे बॉल घासत असेन, काउंटरवरची मुलगी माझ्याबरोबर खेळेल. मला न्यायला यायचं नाही. आधी तो चहा संपव, मग माझ्या घरच्याच फोनवरून त्यांना हो म्हण, लाजू नकोस, अजून त्यांचं ऑफिस उघडं असेल. ते झाल्यावर यायचं असेल तर ये, मला फार आवडेल. मागच्या बाकावर बस, टाळ्या वाजव, भावांना चिडव, काय हवं ते कर. पण बॉलला हात लावायचा नाही.

तुझीच,
सासू
(ही पदवी मी कोर्टाला परत केलेली नाही)